केळीच्या पानावर बसलेली पोर

त्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा पोर आजीच्या कडेवर होती. दुसऱ्या खेपेला आजोबांच्या खांद्यावर. तिसऱ्या खेपेला आईच्या मांडीवर, आणि आई चहा करायला उठली तशी पुन्हा आजीच्या कडेवर. दीड वर्षाची पोर, डोळे टपोरे, चेहरा हसरा, पण एकटीला बसता येत नव्हतं. हात काढला की भिजवलेल्या पिठासारखी एका बाजूला कलंडायची. वेळेआधी जन्मली होती, बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत काढले होते, त्यामुळे अंगात जोर कमी. ती बसावी, पुढे उभी राहावी, चालावी, एवढ्यासाठी मी दर आठवड्याला बुऱ्हाणपूरच्या लालबागहून स्कूटर काढून तापीकाठच्या त्या गावी जात होते.

माझं काम असं की अशा लहान पोरांच्या घरी जायचं आणि घरच्यांना शिकवायचं. धरायचं कसं, बसवायचं कसं, खेळता खेळता अंगात बळ कसं आणायचं. कागदावर ह्याला ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात. हा शब्द वाचला की आपण कुणाच्या तरी घरच्या भांडणात पडायला निघालोय असं मला वाटतं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा तसंच असतं. गावात मला एवढ्या भारदस्त नावाने कुणी ओळखत नाही. मी कसरतवाली म्याडम. स्कूटर पारापाशी दिसली की पोरं ओरडत पुढे धावतात, “कसरत आली, कसरत आली!”

घर केळीवाल्यांचं. अंगणात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, ओसरीवर खताच्या गोण्या, आणि माणसं इतकी अगत्याची की चहा नको म्हणण्यात पाच मिनिटं आणि शेवटी तो पिण्यात पाच मिनिटं जायची. पहिल्याच दिवशी मी त्यांना एक निळी जाड चटई दिली. म्हटलं, पोरीला ह्याच्यावर, खाली जमिनीवर, रोज ठेवायचं. जमीन कडक असते, तिथेच अंगाला आधार शोधायची सवय लागते. सगळ्यांनी माना डोलावल्या. “हाव म्याडम, करतो ना आमी.”

पुढच्या आठवड्यात चटई कपाटावरून निघाली ती प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मी जमिनीवर अंथरायला गेले की आजी म्हणायची, “फरशी थंडी हाये आज.” किंवा, “आताच मालिश झाली, अंग उघडं हाये.” किंवा सरळ, “खाली कायले बसता म्याडम, वर बसा, दिवाणावर बसा.” मग मी दिवाणावर बसून, गादीत रुतलेल्या त्या पोरीला कमरेला धरून, माझ्या परीने कसरत घ्यायची. आजी समोर बसून कौतुकाने पाहायची आणि म्हणायची, “तुमच्या हाताले गुण हाये. तुमीच करा. आमी केलं त बिघडून जाईन.”

आता मीही माणूसच आहे. हाताला गुण आहे म्हटल्यावर कुणाला गुदगुल्या होत नाहीत? माझे हात मुळातच चुळबुळे. शेजारणीची वेणी सैल दिसली तरी मला घट्ट करावीशी वाटते. पण तासभर माझे हात आणि बाकीचा सगळा आठवडा कडेवरची सैर, हा हिशेब काही जमेना. पोर होती तिथेच होती. पालथ्या घड्यावर पाणी.

आमचं केंद्र राजपुऱ्यात, एका पतंगाच्या दुकानावर. तिथल्या आमच्या मोठ्या म्याडम त्याच सुमारास कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि येताना नवा मंत्र घेऊन आल्या. आता आपण हात कमी लावायचा आणि विचारायचं जास्त. घरच्यांना विचार करू द्यायचा. ‘तुम्हाला काय दिसलं? असं का होत असेल? तुम्हाला काय वाटतं?’ मी म्हटलं, पोहायला शिकवायचं तर माणसाला पाण्यात उतरवायचं, की काठावर बसवून पाण्याबद्दल आपलं काय मत म्हणून विचारायचं? त्या हसल्या आणि म्हणाल्या, करून तर बघ.

केलं. पुढच्या खेपेला दोन्ही हात मांडीखाली दाबून दिवाणावर बसले आणि अत्यंत गोड आवाजात विचारलं, “मावशी, तुम्हाला काय वाटतं, ही का कलंडत असेल?”

आजीने माझ्याकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “म्याडम, तब्येत बरी नाही का आज?”

“बरी आहे. मी तुमचं मत विचारतेय.”

“आमाले समजलं असतं त तुमाले कायले बोलावलं असतं, माय?”

सुनेला विचारलं तर तिने डोक्यावरचा पदर थोडा पुढे ओढला आणि म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं ताई.” सासू, सासरे, मी, सगळे समोर बसलेले, आणि त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोरीने मत द्यायचं! मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखंच ते झालं. पुढच्या वेळी आजोबांनी दारातच मला धीर दिला. “टेन्शन नका घेऊ म्याडम. विसरते माणूस कधी कधी.” मी माझी विद्या विसरले, अशी बातमी गावभर झाली होती. हात लावला तर सगळं माझंच, आणि तोंड चालवलं तर सगळं हवेत. मी मोठ्या म्याडमना जाऊन फणकाऱ्याने सांगितलं की तुमचा मंत्र आमच्या गावाला लागू पडत नाही.

मग उन्हाळ्यात एकदा गेले तर आजी शेजारी कुरडया घालायला गेली होती. सून एकटीच, चुलीपाशी बसून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होती. पोर बाजूला झोळीत, आणि झोळीतून रडण्याचा सूर. सून एका हाताने थापायची, एका हाताने झोका द्यायची. मला राहवेना. मी हातपाय धुतले आणि म्हटलं, “सरक. परात दे इकडे. तू पोरीला घे.”

“अहो ताई, तुम्ही काय भाकरी...”

“मला येतात. तुझ्यापेक्षा बऱ्या येतात. घे तिला.”

तिने पोरीला घेतलं आणि भिंतीजवळच्या बाजेवर मांडीत धरून बसली. माझे हात पिठात. आता हात लावायचा म्हटला तरी लावता येत नव्हता, म्हणून तोंडाने सांगत सुटले. “छातीला नको धरू. खाली, कमरेला धर. हं. आता थोडी सैल सोड.”

“गेली ताई.”

“कुठल्या बाजूला?”

“ह्या. डाव्या.”

“नेहमी डाव्याच?”

तिने पुन्हा धरलं, पुन्हा सैल सोडलं. “हाव. डाव्याच. उजव्या बाजूले ती स्वतः संभाळते जरा. मी डावीकडून अंगठा देऊन पाहू?”

“बघ ना.”

तिने अंगठा दिला. पोर हेलकावली, पण पडली नाही. सून माझ्याकडे पाहून हसली, आणि पदर कधी मागे सरकला तिचं तिलाच कळलं नाही. इतके दिवस मी जे प्रश्न समोर बसवून विचारत होते तेच हे प्रश्न. फक्त आता तिच्या हातात पोर होती, माझ्या हातात भाकरी होती, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. मी खुशीत येऊन म्हटलं, “छान! आता हेच खाली जमिनीवर कर.”

तिने पोरीला पुन्हा मांडीत ओढून घेतलं. मग म्हणाली, “खाली नाही ठेवता येत, ताई.”

“का?”

“आईने नवस बोलेल हाये.”

पोर काचेच्या पेटीत होती तेव्हा आजीने दवाखान्याच्या पायरीवर बसून इच्छापूरच्या देवीला हात जोडले होते. पोर जगू दे, तिला स्वतःच्या पायाने चालवत तुझ्या दारी आणीन, आणि तोवर तिला भुईला टेकू देणार नाही.

मी हातातली भाकरी तव्यावर टाकली ती वाकडी पडली. “थांब. म्हणजे चालेपर्यंत भुईला टेकायचं नाही. आणि भुईला टेकल्याशिवाय चालणार कशी?”

सून एकदम हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत हसली, आणि मीही हसले. मग हसता हसताच तिचे डोळे भरले. “मी रोज हेच सोचते ताई. लेकिन बोलणार कुणाले? आईनेच तिले वाचवलं असं सगळे म्हणतात. मलेबी तसंच वाटते. मले जास्ती काही नको. बस, मी भाकरी करताना तिने समोर बसून मले पाहावं. कडेवर असते त तिचं तोंडच नाही दिसत मले.”

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, तो सगळा सासूवर. स्कूटरवर बसून लालबागला येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या बाईशी भांडत होते आणि प्रत्येक भांडण जिंकत होते. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरचे सांगतीलच. पण घरी आल्यावर आठवलं की मुलाच्या बारावीच्या वेळी मी स्वतः वर्षभर मावा जिलेबी सोडली होती. बुऱ्हाणपूरच्या माणसासाठी हा काही किरकोळ नवस नव्हे. निकाल लागेपर्यंत कुणी मला एक वेढा खा म्हणालं असतं, तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. आणि माझा तर फक्त निकाल होता. तिची नात होती. पोर खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिला नुसता ताप जरी आला असता, तरी त्या बाईने जन्मभर स्वतःला खाल्लं असतं.

शिवाय नवसाचं मला कळलं हे सासूला कळता कामा नये, नाहीतर सुनेची धडगत नव्हती. बोलायचं तर तिनेच बोलायला हवं होतं.

पुढच्या खेपेला मी आल्या आल्या खांदा चोळत बसले. “मावशी, माझा खांदा धरलाय. आज तुम्ही करा, मी सांगते.” खांद्याला काही झालं नव्हतं. आजी नाही नाही म्हणत दिवाणावर बसली, पण एकदा पोर हातात घेतल्यावर तिने कंबर अशी धरली की मला पुन्हा सांगावं लागलं नाही. तापीच्या काळ्या मातीत उभं आयुष्य काढलेले हात ते. पोर बसली, गादीत रुतली, कलंडली. आजीने पुन्हा बसवली. पुन्हा कलंडली. तिसऱ्यांदा आजीच्या कपाळाला आठी पडली. आता मी विचारलं, “का कलंडते हो?”

ह्या वेळी तिने माझी तब्येत विचारली नाही. “गादी मऊ हाये. बूड टिकत नाही तिचं.”

“मग?”

“खाली कडक पाहिजे.”

“कडक कुठे मिळेल?”

आजीने फरशीकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. दारात उभी असलेली सून आपल्या बांगड्यांकडे पाहत होती. मी तोंडाला कुलूप घालून बसले होते, आणि ते किती अवघड गेलं हे माझं मला माहीत. मग आजीने पोरीला छातीशी घेतलं आणि नवसाची सगळी गोष्ट स्वतःच सांगितली. दवाखान्याची पायरी, काचेच्या पेटीतली मूठभर पोर, डॉक्टरांनी हलवलेली मान. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, “मावशी, कठीण आहे. तुम्हीच सांगा काय करायचं.”

“पाहू,” आजी म्हणाली. आमच्याकडे ‘पाहू’ म्हणजे विषय संपला. मी चहा पिऊन चरफडत परत आले.

आठ दिवसांनी गेले तर बैठकीच्या मधोमध केळीचं एक अखंड पान पसरलेलं. धुतलेलं, पुसलेलं, मधला दांडा पाठीकडून तासून सपाट केलेला, आणि एका कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट. पोरीचा बाप सकाळीच शेतातून कापून घेऊन आला होता. आजी पोरीला घेऊन पानाशेजारी उभी, चेहरा कोर्टात वकील उभा राहावा तसा.

“मी तिले भुईवर नाही ठेवून राह्यली,” ती म्हणाली. “पानावर ठेवून राह्यली. देवीचा निवद आपण पानावर वाढतो, त तो भुईवर ठेवला असं म्हणते का कोणी?”

“कुणीच म्हणत नाही,” मी म्हटलं.

“अन् मी देवीले विचारलं.”

“काय म्हणाली?”

“काहीच नाही म्हटलं. नाही म्हणायचं असतं त म्हटलं असतं.”

आणि तिने नातीला पानावर ठेवलं.

पोर सर्रकन घसरली. केळीचं पान म्हणजे काय निसरडं! आजीने “ओ माय!” करून असा आवाज काढला की आजोबा अंगणातून धावत आले. इथे मात्र विचारत बसण्यात अर्थ नव्हता. मी खाली बसले, पोरीचे पाय फाकवून पुढे घेतले, पाठीमागे गोधडीची गुंडाळी लावली, सुनेचा हात ओढून पोरीच्या कमरेवर ठेवला आणि त्याच्यावर माझा हात. “एवढा दाब. कळला? आता मी काढतेय.” मी हात काढला. तिचा राहिला.

पोरीने समोर पाहिलं. पानाची कड तिच्या पायाशी वर आली होती. तिने एक हात पुढे टेकला आणि दुसऱ्या हाताने कड धरून ओढली. चर्र करून एक पट्टी सरळ फाटत आली. तिने पट्टीकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा वाकून दुसरी ओढली. चर्र. माझ्या पिशवीत रंगीत कड्या होत्या, खुळखुळे होते, शहरातून मागवलेला एक वाजणारा ससा होता. त्यांच्यासाठी ती कधी बोटभर पुढे वाकली नव्हती. सुनेने हळूच हात सैल केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पोर पान फाडण्यात इतकी गुंग की पडायचं विसरली. नंतर आठवण झाल्यासारखी डावीकडे आडवी झाली, मुठीत पट्टी धरून, खिदळत.

त्या दिवसापासून त्या घरात रोज एक नवं पान यायला लागलं. जुनं बकरीला. केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत, त्यामुळे पोरीचे सगळे फ्रॉक तपकिरी ठिपक्यांचे झाले. सून कुरकुरली तर आजी म्हणाली, केळीवाल्याची पोर हाये, ओळखू त आली पाहिजे. आणि मला प्रश्न विचारायची गरजच उरली नाही. मी चप्पल काढते न काढते तोच दोघी एकदम, एकमेकींचं वाक्य तोडत सांगायला लागायच्या. झोपून उठल्यावर डावी बाजू जास्त ढिली असते. गाणं म्हटलं की जास्त वेळ बसते. आजोबा खोकले की दचकून पडते, तर आजोबांना आता खोकायला ओसरीवर पाठवतो. मी नुसती ऐकायची. पण पुढे पोर धरून उभी राहायला लागली आणि तिचे गुडघे आत वळायला लागले, तेव्हा पुन्हा माझे हात कामाला आले. ते बोलून सुटणारं नव्हतं, मांडीला कुठे आणि किती धरायचं ते त्यांच्या हाताला माझ्या हातातूनच कळायला हवं होतं. कधी हात लावावा आणि कधी तोंड उघडावं ह्याचा नियम मला अजूनही सांगता येत नाही. मोठ्या म्याडमना मात्र मी सांगितलं की तुमचा मंत्र लागू पडतो, फक्त हातात काहीतरी काम असावं लागतं.

एके दिवशी मी पोहोचले तर सून भाकरी करत होती. चुलीपासून हातभर दूर, पानावर, कुणाचाही हात न लागता, पोर समोर बसून तिच्याकडे पाहत होती. सून तिच्याकडे पाहत होती. तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी दोघींपैकी कुणाला पत्ता नव्हता. एरवी भाकरीचा एक पापुद्रा करपला तरी बोलणारी सासू त्या दिवशी ती काळी भाकरी मुकाट्याने दुधात कुस्करून जेवली.

चालायला मात्र पोरीने पुष्कळ वाट पाहायला लावली. भिंतीला धरून, मग बाजेला धरून, मग बकरीच्या दोरीला धरून. पावलागणिक खाली पान अंथरणं शक्य नव्हतं, तेव्हा आजीने तिच्या पायात मोजे घातले आणि मोजे म्हणजे भुई नव्हे असं ठरवलं. पोर तिसऱ्या वर्षात असताना एकदाचा निरोप आला. इच्छापूरला जायचं, म्याडमनेही यायचं.

जीपमधून आम्ही देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी उतरलो. पोरीच्या अंगावर नवा पिवळा फ्रॉक, एकही डाग नसलेला. आजीने तिला खाली उतरवलं, बोट सोडलं आणि हात जोडून मागे उभी राहिली. पायऱ्या समोर, थोड्या अंतरावर. पोर निघाली. हात दोन्हीकडे पसरून, बदकासारखी डुलत. मधे आली, थांबली, आणि पायऱ्या समोर दिसत असताना, धप्पकन भर मातीत बसली.

नवस इतका जवळ येऊन भुईला टेकला होता. पोरीचा बाप प्रसादाच्या दुकानाकडे पान मागायला धावला. सूनबाई आजीच्या तोंडाकडे पाहत राहिली, मीही. माझे हात तिला उचलायला इतके शिवशिवत होते की मी ते पदरात गुंडाळून घेतले. आजीने जागेवरूनच मुलाला हाक मारली, “राहू दे रे. बसू दे तिले.”

पोरीने मूठभर माती घेतली, उडवली, थोडी माझ्या साडीवर टाकली. तिचं खेळून झालं. मग दोन्ही तळहात भुईवर टेकले, बूड वर केलं, एकदा मागे कलली, सावरली, आणि उभी राहिली. चालत गेली आणि पहिल्या पायरीवर दोन्ही हात ठेवले.

सून धावली आणि वाकून तिच्या फ्रॉकची मागची माती झटकायला लागली. आजीने तिचा हात धरला.

“झटकू नको माय,” ती म्हणाली. “तशीच नेऊ वर. देवीलेबी पाहू दे, आपली पोर भुईवर बसते.”